एसीचा गॅस ‘संपत’ नाही

फेब्रुवारीत आयुष्यातली पहिली स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड, 2013 ची, दोन सीटांची, इंजिन पाठीमागे. कॉलेजात असताना वहीच्या शेवटच्या पानावर हीच गाडी काढायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाहीच. इतकं वय झालेल्या कुठल्याही गाडीचं असं होऊ शकतं.

ट्रायल घेतली सकाळी साडेआठला. एसी लावला, गार हवा आली, व्यवहार झाला. तिथेच चुकलो. फेब्रुवारीत पुण्यात सकाळच्या वेळी कुठल्याही गाडीचा एसी गारच वाटतो. ट्रायल भर दुपारी घ्यायला हवी होती, तीही गाडी तासभर उन्हात उभी करून.

एप्रिलमध्ये आईला घेऊन जेजुरीला निघालो. दिवे घाट चढताना एसीतून कोमट हवा यायला लागली. या गाड्यांची पुढची काच मोठी आणि तिरपी, केबिन एवढंसं. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत आईचा चेहरा लाल झाला होता. एकाहत्तर वर्षांची बाई, पण तक्रारीचा शब्द नाही. “काच खाली घे रे, वारा येईल,” म्हणाली आणि जेजुरीपर्यंत पदरानं वारा घेत बसली. मला ते बघवेना.

दुसऱ्याच दिवशी एसीवाल्याकडे गेलो. त्यानं मीटर लावला. “साहेब, गॅस संपलाय. भरून देतो, अर्ध्या तासाचं काम.” 2,200 रुपये दिले. गाडी गार झाली आणि एकोणीस दिवसांनी पुन्हा कोमट. दुसऱ्या दुकानात गेलो तर तिथेही शब्दन् शब्द तेच वाक्य.

ही पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे. गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाऊन त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना आतल्या हवेतली उष्णता ओढून घेते. रबरी होजमधून आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे मान्य. पण एकोणीस दिवसांत गेला, तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आणि नुकसान फक्त पैशांचं नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की तेल परत येत नाही, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि एक दिवस जाम होतो. माझ्या गाडीच्या कॉम्प्रेसरची किंमत विचारली तेव्हा दीड लाखाच्या पुढचा आकडा ऐकला. शिवाय माझ्या एसीतला हा आर-134ए नावाचा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापमान वाढवणारा मानला जातो. माझ्या गाडीत तो 850 ग्रॅम बसतो, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पाचशे लिटरहून जास्त पेट्रोल जाळल्यासारखं. भारतानं 2021 मध्ये किगाली करार मान्य केला तो असल्याच गॅसचा वापर कमी करण्यासाठी, आणि आपण तो दर उन्हाळ्यात हवेत सोडतो.

तिसऱ्या ठिकाणी मात्र माणूस भेटला. साठीचे काका, छोटंसं गॅरेज. मीटरला हातही लावला नाही, आधी विचारलं, “गॅस शेवटचा कधी भरला होता? किती ग्रॅम?” हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. मशीनवर गॅस काढून घेतला, तो निघाला 310 ग्रॅम. मग सिस्टीममध्ये दाबानं नायट्रोजन भरला, बंपर उतरवला आणि साबणाचं पाणी मारायला सुरुवात केली.

या गाडीचे कंडेन्सर दोन, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, जमिनीलगत. हवा घ्यायला समोर मोठी तोंडं उघडी. काकांनी उजव्या तोंडात हात घातला आणि चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा बाहेर काढला. गुलमोहराची पानं! ती बारीक पानं तिथून आत जातात, रेडिएटर आणि कंडेन्सरच्या सापटीत अडकतात आणि अख्खा पावसाळा ओलीच राहतात. त्यांच्याखाली अॅल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत झालं होतं. लगद्याखालच्या खालच्या कोपऱ्यात साबणाचे बुडबुडे एकामागून एक फुटत होते. मी तिथे उकिडवा बसून किती वेळ ते बघत होतो, कळलंच नाही. इतक्या दिवसांचा त्रास त्या टाचणीएवढ्या भोकात होता.

दोन्ही कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) आणि जोडांमधल्या रबरी ओ-रिंग नवे घातले. मजुरीसकट 58 हजार झाले. रक्कम मोठी आहे, मला जड गेली. पण काकांनी कामात कुठेही घाई केली नाही. पाऊण तास व्हॅक्यूम ठेवला, कारण दाब उतरला की नळ्यांतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो बाहेर ओढला जातो. राहिला तर तेलाशी मिळून आम्ल होतं. मग गॅस वजन करून भरला, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला तेवढाच. जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं, हे मला त्यांनीच सांगितलं.

गळती बुजवायचं केमिकल मिळतं, ते मी विचारलं होतं. काकांनी सरळ नकार दिला. “ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बसलं तर डॅशबोर्ड उतरवावा लागेल.” स्वस्तातल्या अनोळखी सिलिंडरपासूनही लांब राहा. 2011 मध्ये व्हिएतनाममध्ये सर्व्हिस झालेल्या काही शीतकंटेनरांचे भेसळीच्या गॅसमुळे स्फोट झाले होते, त्यात माणसं गेली होती.

तुमच्या गाडीचा एसी कोमट झाला आणि कुणी म्हणालं ‘गॅस संपलाय’, तर एवढंच विचारा: “गेला कुठून?” दाखवता येत नसेल, तर भरू देऊ नका.

मे महिन्यात भर दुपारी आईला घेऊन पुन्हा दिवे घाट चढलो. एसीच्या तोंडाशी थर्मामीटर लावला होता, 7 अंश दाखवत होता. आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

बंपरच्या दोन्ही तोंडांना आता बारीक स्टीलची जाळी बसवली आहे. काल गाडी धुताना जाळीवर गुलमोहराची पिवळी पानं चिकटलेली दिसली. बोटानं एकेक काढली.