‘क्विन्सी’च्या एका भागाने कायदा घडवला, हे खरे नाही

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, दुर्मीळ आजार दिनाच्या सुमारास, एक मजकूर माझ्याकडे हमखास येतो. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी औषधांचे कायदे शिकवतो, त्यामुळे अनेक जण तो मला कौतुकाने पाठवतात. त्याचा आशय थोडक्यात असा : अमेरिकेत १९८१ सालापर्यंत दुर्मीळ आजारांकडे कोणाचे लक्षच नव्हते, मग ‘क्विन्सी, एम. ई.’ या दूरचित्रवाणी मालिकेत टुरेट सिंड्रोम (अनैच्छिक हालचाली आणि आवाज होत राहणारा आजार) असलेल्या मुलाची गोष्ट दाखवली गेली. मालिकेचा नायक जॅक क्लगमन थेट संसदेत जाऊन बोलला आणि अनाथ औषधांचा, म्हणजे रुग्ण मोजके म्हणून कोणी बनवायला तयार नसलेल्या औषधांचा, कायदा झाला. या कायद्याने कंपन्यांना दुर्मीळ आजारांवरची औषधे बनवणे बंधनकारक केले आणि ती गरिबाच्याही आवाक्यात आली. शेवटी प्रश्न असतो, ‘एका नटाने जे करून दाखवले ते आपले नट का करत नाहीत?’

हा मजकूर चांगल्या हेतूनेच लिहिला गेला असणार, आणि ज्या मालिकेविषयी तो आहे तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एनबीसी वाहिनीवर १९७६ ते १९८३ या काळात चाललेली ही मालिका लॉस एंजेलिसच्या सरकारी शवचिकित्सा कार्यालयातल्या एका डॉक्टरची आहे. मृतदेहाच्या तपासणीतून तो मृत्यूचे कारण शोधतो आणि ते कारण बऱ्याचदा समाजाच्या एखाद्या दुखण्यापर्यंत जाऊन पोहोचते. पण फिरणाऱ्या मजकुरात घटनांचा क्रम उलटा लावलेला आहे आणि ज्यांनी हा कायदा खरोखर घडवला ती माणसे गोष्टीतून पार नाहीशी झाली आहेत. मुलाच्या औषधासाठी आज दारोदार फिरणारे आईवडील हा मजकूर वाचतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

१९८१ पूर्वी कोणाचे लक्षच नव्हते, हे पहिले विधान सर्वांत चुकीचे आहे. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतल्याने हजारो बाळे व्यंगासह जन्मली, त्या शोकांतिकेनंतर अमेरिकेने १९६२ मध्ये औषधांचा कायदा कडक केला आणि औषध सुरक्षित आहे एवढे दाखवून भागेनासे झाले. ते गुणकारी आहे हेही रीतसर चाचण्यांनी सिद्ध करणे आवश्यक ठरले. ही सुधारणा योग्यच होती, परंतु तिच्यामुळे चाचण्यांचा खर्च वाढला, आणि रुग्ण पाच हजार असोत की पन्नास लाख, हा खर्च त्या प्रमाणात कमीजास्त होत नाही. ज्या आजाराचे रुग्ण मोजके, त्यावरच्या औषधाचा खर्च विक्रीतून भरून निघण्याची आशा राहिली नाही. त्यातून एखादा पदार्थ निसर्गात आढळणारा असेल किंवा त्याच्या पेटंटची मुदत सरलेली असेल, तर कंपनीला त्यात काहीच राखून ठेवता येत नसे. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पण सांभाळायला कोणी पालक नसलेल्या अशा औषधांना ‘अनाथ’ हे नाव पडले.

हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. मर्यादित व्यापारी मूल्याच्या पण महत्त्वाच्या औषधांविषयी सरकारच्या आंतरविभागीय कार्यगटाचा अहवाल १९७९ मध्येच आला होता. न्यूयॉर्कमधून अमेरिकी संसदेत निवडून गेलेल्या एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी या प्रश्नावरचे पहिले विधेयक १९८० मध्ये मांडले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतले डॉ. मेल्विन व्हॅन वोर्ट मायोक्लोनस या स्नायूंना जबर झटके आणणाऱ्या आजारावर एका पदार्थाचा उपयोग होतो हे पाहत होते आणि तो बनवायला कंपनी मिळत नाही म्हणून झगडत होते. कनेटिकटमधल्या अ‍ॅबी मायर्स यांच्या मुलाला टुरेट होता. चाचणीत मिळणाऱ्या औषधाने त्याला आराम पडला आणि ती चाचणीच थांबली. यांपैकी एकाही व्यक्तीला जागे होण्यासाठी दूरचित्रवाणीची गरज लागली नव्हती.

आता मालिकेचा तो भाग कुठून आला हे पाहू, कारण सगळ्या मजकुराचा डोलारा इथेच कोसळतो. लॉस एंजेलिस भागातल्या एका आईने टुरेट असलेल्या आपल्या मुलासाठी पिमोझाइड नावाचे औषध कॅनडातून मागवायला सुरुवात केली होती, कारण अमेरिकेत ते मंजूर नव्हते. एकदा ते पार्सल विमानतळावर कस्टम्सने अडवले. तिने आपल्या भागाचे प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांचे कार्यालय गाठले. वॅक्समन हे प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते. त्यांनी जून १९८० मध्ये सुनावणी घेतली. रुग्ण, पालक आणि डॉक्टर बोलले, पण ऐकायला पत्रकार जवळजवळ कोणी नव्हते. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने मात्र बातमी दिली. ती बातमी जॅक क्लगमन यांचे भाऊ मॉरिस क्लगमन यांच्या वाचनात आली. मॉरिस हे मालिकेच्या लेखन-निर्मितीत होते आणि ते स्वतः एका दुर्मीळ कर्करोगाने आजारी होते. त्या बातमीतून ‘क्विन्सी’चा भाग लिहिला गेला आणि ४ मार्च १९८१ रोजी तो दाखवला गेला.

म्हणजे सुनावणी आधी झाली आणि भाग नंतर आला. मालिकेने संसदेला विषय दिला नाही. संसदेतल्या त्या सुनावणीने मालिकेला विषय दिला. एक आई पार्सल अडवल्याची तक्रार घेऊन गेली नसती, तर लिहायला गोष्टच नव्हती.

दुसरे विधान असे की क्लगमन संसदेत बोलला आणि कायदा झाला. भाग प्रसारित झाल्यानंतर काही दिवसांतच वॅक्समन यांनी पुन्हा सुनावणी घेतली आणि क्लगमन यांनी तिथे साक्ष दिली, हे खरे आहे. आदल्या वर्षी रिकामे गेलेले पत्रकारांचे बाक त्या दिवशी भरले, हेही खरे. त्या साक्षीचे मोल मी अजिबात कमी लेखत नाही. ज्या पालकांना कोणी विचारत नव्हते त्यांच्याकडे कॅमेरे वळले, ही मोठीच गोष्ट होती. पण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली ४ जानेवारी १९८३ रोजी. साक्ष आणि सही यांच्यामध्ये बावीस महिने गेले, आणि कायद्याची खरी लढाई या बावीस महिन्यांत झाली.

ही लढाई कशावर अडली होती ते मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसावे. प्रतिनिधीगृहाने सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस विधेयक मंजूर केले आणि सिनेटने ऑक्टोबरच्या आरंभी ते फेरफार करून मंजूर केले. खटका उडाला तो दोन गोष्टींवरून. पहिली, चाचण्यांच्या खर्चावर कंपन्यांना करसवलत द्यायची की नाही. दुसरी गोष्ट दुर्मीळ आजारांशी संबंधितच नव्हती : सिनेटच्या संबंधित समितीचे अध्यक्ष ऑरिन हॅच हे युटाचे, आणि शेजारच्या नेव्हाडात झालेल्या अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ त्यांच्या राज्यावर पडली होती, त्या किरणोत्सर्गाचा कर्करोगाशी किती संबंध लागतो याचे सरकारने कोष्टक तयार करावे, अशी तरतूद त्यांना हवी होती. हे कलम अखेर याच कायद्यात आले आणि आजही त्यात वाचता येते. कायदे असे होतात : एका हाताने दुर्मीळ आजारांचे रुग्ण ओढत असतात, दुसऱ्या हाताने त्या धुळीची झळ बसलेले युटाचे मेंढपाळ, आणि मधली गाठ सोडवायला कोणीतरी रात्री जागवतो.

याच अडलेल्या काळात, २७ ऑक्टोबर १९८२ रोजी, ‘क्विन्सी’चा या विषयावरचा दुसरा भाग दाखवला गेला. फिरत्या मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो, आणि मला तर तोच जास्त मोलाचा वाटतो. त्यात विधेयक अडवून धरणारा एक सिनेटर आहे आणि त्याच्या दारापर्यंत आलेला मोर्चा आहे. त्या मोर्चात चालणारी शेकडो माणसे नुसती भाड्याने आणलेली गर्दी नव्हती. रुग्णांच्या संघटनांमधून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक त्यात होते. कुबड्यांवरची, चाकाच्या खुर्चीतली, मानेला झटके बसत असताना हातातला फलक सरळ धरू पाहणारी. हे दृश्य प्रभावी आहे ते या माणसांमुळे, आणि ती तिथे जमू शकली याचे कारण त्यांच्या संघटना आधीपासून उभ्या होत्या. याच संघटनांनी पुढे १९८३ मध्ये अ‍ॅबी मायर्स यांच्या पुढाकाराने दुर्मीळ आजारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. दूरचित्रवाणीने त्यांचा आवाज घराघरांत नेला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे; पण आवाज त्यांचा होता.

तिसरे विधान, कायद्याने कंपन्यांवर सक्ती केली, हे साफ चूक आहे आणि त्यासाठी फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. या कायद्यात सक्तीचे एकही कलम नाही. त्यात आमिषे आहेत : औषध मंजूर झाल्यावर त्या आजारासाठी सात वर्षे तेच औषध दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही असा एकाधिकार, चाचण्यांच्या खर्चाच्या ५० टक्के करसवलत, जी २०१७ च्या करसुधारणेने २५ टक्क्यांवर आली, संशोधनासाठी अनुदान, आणि चाचण्यांची आखणी करताना सरकारी यंत्रणेचे मार्गदर्शन. जिथे तिथे सांगितली जाणारी ‘दोन लाखांहून कमी रुग्ण’ ही व्याख्याही मूळ कायद्यात नव्हती. मूळ कसोटी होती ती खर्च भरून निघण्याची आशा नसण्याची; रुग्णसंख्येची मर्यादा १९८४ च्या दुरुस्तीने आली, कारण प्रत्येक कंपनीचा जमाखर्च तपासत बसण्यापेक्षा रुग्ण मोजणे सोपे होते. आमिषांचा उपयोग मात्र झाला. १९८३ पूर्वीच्या दशकात कंपन्यांनी आणलेली अशी औषधे दहाच्याही आत होती. पुढच्या तीस वर्षांत चारशेहून अधिक मंजूर झाली.

चौथे विधान, औषधे आवाक्यात आली, हे मला सर्वांत जास्त सलते. या कायद्यात किमतीवर कसलेही नियंत्रण नाही. उलट सात वर्षांचा एकाधिकार म्हणजे त्या काळात किंमत ठरवायला स्पर्धकच नाही. एड्सवरच्या एझेडटीला अनाथ औषधाचा दर्जा होता आणि १९८७ मध्ये ते बाजारात आले तेव्हा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. ज्या औषधांना हा कायदा नसतानाही नफा झाला असता, त्यांनाही त्याचे छत्र मिळते आहे अशी ओरड त्याच दशकात सुरू झाली. ती ऐकून संसदेने १९९० मध्ये दुरुस्ती मंजूर केली, पण राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तिच्यावर सही केली नाही. कायद्याने औषधे जन्माला घातली. ती विकत घेण्याची सोय केली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करणारा मजकूर पालकांना चुकीच्या दारी पाठवतो.

आपल्याकडे हा फरक प्रत्यक्ष पाहिलेला आहे. मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या पाठीच्या कण्याशी संबंधित जनुकीय आजारासाठी २०२१ मध्ये सोळा कोटींच्या एका इंजेक्शनाचे पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले, तेव्हा ते औषध अस्तित्वात होते, अमेरिकेत मंजूर होते, आणि तरीही एका कुटुंबाच्या हाती लागण्यासारखे नव्हते. भारतात २०१९ च्या नियमांनी पाच लाखांपर्यंत रुग्ण असलेल्या आजाराच्या औषधाला अनाथ औषध म्हटले. २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले, आणि २०२२ मध्ये परळच्या केईएमसारख्या निवडक केंद्रांतून पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. पन्नास लाख आणि सोळा कोटी यांच्यामधली दरी कोणत्याही मालिकेच्या एका भागाने बुजणारी नाही. किंमत ठरवण्याचे आणि सरकारी खरेदीचे ते काम आहे, आणि त्यासाठी कोणाला कोणत्या टेबलापाशी बसवावे लागते हे पालकांना कळायला हवे.

मजकुरात जाता जाता आणखी दोन गोष्टी म्हटलेल्या असतात. एक, टुरेट म्हणजे तोंडातून शिव्या बाहेर पडण्याचा रोग. तसे नाही. डोळे मिचकावणे, मान झटकणे, खाकरणे, एखादा आवाज पुनःपुन्हा काढणे अशा अनैच्छिक हालचाली आणि आवाज ही त्याची लक्षणे आहेत. नको ते शब्द तोंडून निघण्याचा त्रास थोड्याच रुग्णांना होतो. वर्गात मान झटकणाऱ्या मुलाला ‘नाटक करू नकोस’ म्हणून बाहेर उभे करणारे शिक्षक मी पाहिले आहेत; त्यांना हा शिव्यांचा समज आणखी चुकीच्या वाटेला नेतो. दुसरी गोष्ट, त्या आईने मागवलेले औषध ‘बंदी घातलेले’ होते, असे म्हणतात. पिमोझाइडवर बंदी नव्हती. बेल्जियममध्ये जान्सेनच्या प्रयोगशाळेत ते १९६३ मध्ये तयार झाले होते आणि कॅनडात उपलब्ध होते. अमेरिकेत ते चाचण्यांतून पार करून मंजुरीपर्यंत नेणारे कोणी नव्हते, एवढेच. १९८४ मध्ये टुरेटसाठी ते अमेरिकेत मंजूर झाले, आणि कॅनडाहून येणाऱ्या पार्सलची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.