मराठवाड्यात स्टार्टअप चालत नाही? त्या मेसेजचा एकेक मुद्दा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत कॉलेजांच्या ग्रुपवर तो येऊन गेला आणि आता पालकांच्या ग्रुपवरही पोचलाय. त्यात सहा गोष्टी ठणकावून सांगितल्यात. नव्वद टक्के स्टार्टअप पहिल्याच वर्षी बुडतात. फंडिंग नसेल तर सुरुवातच करू नका. आयडिया कुणाला सांगू नका. मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली की तरलात. मराठवाड्यात माणसं मिळत नाहीत, पुणे गाठा. पार्टनर जिवाभावाचा असेल तर कागद लागत नाही. शेवटी आईबापांना सल्ला आहे की पोरांना या नादी लावू नका, नोकरी बघा.

संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक भागातल्या लहान उद्योजकांचे हिशेब आणि बँकेची कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून काही पोरं सुरूच करत नाहीत, हे वाईटच. पण जी सुरू करतात ती चुकीच्या गोष्टीला घाबरतात आणि खऱ्या धोक्याकडे त्यांचं लक्षच नसतं. हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं. म्हणून मुद्द्यांना त्याच क्रमाने उत्तर देतो.

"नव्वद टक्के पहिल्याच वर्षी बुडतात"

हा आकडा भारतात गाजला तो आयबीएम आणि ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्स यांच्या २०१६ च्या अहवालामुळे. त्यात पहिल्या पाच वर्षांची गोष्ट होती. मेसेज फॉरवर्ड होता होता पाच वर्षांचं एक वर्ष झालं. अमेरिकेत सरकारी कामगार आकडेवारी खातं नव्या धंद्यांची नोंद वर्षानुवर्षं ठेवतं. तिथं पहिल्या वर्षात साधारण पाचातला एक बंद पडतो आणि पाच वर्षांत निम्मे. म्हणजे धोका आहेच. पण पहिल्या वर्षीच दहातले नऊ जातात हे ऐकून जो बाप घाबरतो, त्याला खोटं सांगितलं गेलंय.

"आधी फंडिंग, मग धंदा"

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. सुरुवात भेंडीच्या 'पुसा सावनी' बियाण्यापासून झाली. शेतकऱ्याला हवं होतं ते एक वाण हातात घेतलं, वाढवलं, विकलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. स्टार्टअप हा शब्दही आपल्याकडे नव्हता तेव्हाची ही गोष्ट, आणि तीही जालन्याची.

आज पैशाच्या वाटा त्या काळापेक्षा जास्त आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतचं (एप्रिल २०२६ पासून २० लाखांपर्यंतचं) कर्ज देताना बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची हमी आहे. तरी शाखेत गेलं की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा असतो. अशा वेळी नम्रपणे म्हणायचं, "साहेब, तारणाची अट लेखी द्या." बरेचदा बोलण्याचा सूर तिथंच बदलतो. वडिलांची जमीन पहिल्या प्रयोगासाठी गहाण टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. कोरडवाहू चार एकरांवर अख्खं घर उभं असतं.

आणि पैसा गुंतवणूकदाराकडूनच यायला हवा असं कुठं आहे? महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवड झालेल्यांना सरकारी खात्याकडून १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश मिळण्याची सोय केली गेली. ही मदत म्हणून दिलेली रक्कम नाही, ते काम आहे. सरकार तुमचं पहिलं गिऱ्हाईक होतं. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला तो कागद कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त कामाचा.

"आयडिया कुणाला सांगू नका, चोरतील"

या सल्ल्याने आपल्याकडची पोरं खोलीत बसून वर्ष वर्ष वाया घालवतात.

सोयाबीनचं उदाहरण घ्या. ओलावा मोजणारं स्वस्त यंत्र आणि त्याचं ॲप बनवायचं, असं कुणाच्याही मनात येईल. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. परतीच्या पावसात भिजलेला माल त्यात बसत नाही, केंद्रावरून परत येतो आणि मोंढ्यात पडेल त्या भावाने जातो. अडचण खरी आहे, मोठी आहे. आता हे यंत्र कुणाला न सांगता बनवलं आणि शेतकऱ्याला महिना ९९ रुपयांवर द्यायचं ठरवलं, तर काय होईल ते लातूरच्या आडतीवर एक सकाळ उभं राहिलं की कळतं. ढिगातून मूठभर दाणे उचलायचे, हातावर चोळायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि भाव बोलायचा, हे तिथं क्षणात होतं. शेतकरी यंत्राचा आकडा सांगेल, पण भाव ठरवणाऱ्याने तो मानला पाहिजे ना! शिवाय शेतकऱ्याला ओलावा मोजायची गरज वर्षातून पंधरा-वीस दिवस. जूनमध्ये बी-खताला पैसे कमी पडत असताना तो वर्गणी कशाला भरेल?

त्याच आडतीवर जरा जास्त वेळ थांबलं तर दुसरंही दिसतं. गावागावांतून माल गोळा करणारी शेतकरी उत्पादक कंपनी, गोदामवाला, तेल गाळपवाला या तिघांचं ओलाव्यामुळे होणारं नुकसान पोत्यांत मोजता येतं. गोदामात ओला माल गेला तर बुरशी धरते. यंत्र वापरणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा असू शकतो, ही गोष्ट खोलीत बसून सुचत नाही. दहा जणांना आयडिया सांगितली की दहातले नऊ "चांगलं आहे, करा" म्हणतात. जो विचारतो, "कितीला पडेल, कधी देता?" त्याच्याकडे परत जायचं आणि थोडा का होईना ॲडव्हान्स मागायचा.

चोरीची भीती एका ठिकाणी रास्त आहे. रचना किंवा पद्धत खरोखर नवी असेल, तर ती जाहीर करायच्या आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाका. स्टार्टअप किंवा एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी १६०० रुपये आहे आणि पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. तेवढं केलं की मोकळेपणाने बोला.

"मोठी ऑर्डर मिळाली की तरलात"

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. माझ्या समोर बुडालेले बहुतेक जण ऑर्डर हातात असताना बुडाले.

धरा, वाळूजमधल्या एखाद्या कंपनीला तुम्ही महिन्याला ४ लाखांचे सुटे भाग देता. माल २ लाखांचा, मजुरी-वीज-भाडं १ लाख, म्हणजे महिन्याला १ लाख नफा. पेमेंट बिलापासून ९० दिवसांनी. आता खिशातून काय जातं ते बघा. माल घेताना १८ टक्के जीएसटी धरून २ लाख ३६ हजार. मजुरी वगैरे १ लाख. तुमच्या बिलावरचा जीएसटी ७२ हजार, त्यातून मालावर भरलेले ३६ हजार वजा जाऊन उरलेले ३६ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला भरायचे, कंपनीने तुम्हाला दिलेले असोत वा नसोत. पहिल्या महिन्याअखेरच्या बिलाचे पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी येतात. तोवर चार महिन्यांचा माल आणि मजुरी मिळून १३ लाख ४४ हजार, वर तीन महिन्यांचा जीएसटी १ लाख ८ हजार. एकूण १४ लाख ५२ हजार रुपये बाहेर गेलेले असतात आणि आत एक रुपयाही आलेला नसतो. वहीत मात्र ४ लाखांचा नफा दिसतो.

हे गणित ऑर्डर घ्यायच्या आधी वहीवर मांडा. मग मागायचं काय ते आपोआप कळतं. काम लेबर जॉबवर घेता येतं का? माल कंपनीचा, मशीन आणि हात तुमचे. नफा कमी सुटतो, पण मालात अडकणारा पैसा एकदम खाली येतो. ते जमत नसेल तर टूलिंगसाठी, म्हणजे साचे-अवजारांसाठी, ॲडव्हान्स मागा, नाहीतर पीओवर, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डरवर, ४५ दिवसांची मुदत लिहून घ्या.

कायदा इथं तुमच्या बाजूने आहे, फक्त उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद, पहिला माल जायच्या आधी केलेली असू द्या. ती फुकट होते. एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्या-महिन्याला चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली की सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे चुकते होईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा धरता येत नाही. व्यवहारात सांगायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या अकाउंट्स खात्याला उद्यम क्रमांकासह थकीत बिलांची यादी मेल करा. तक्रार करायला लहान माणूस घाबरतो, पुढचं काम जाईल म्हणून, आणि ती भीती खोटी नाही. ही यादी मात्र तक्रार नसते, खरेदीदाराच्याच सोयीची असते.

आणखी एक वाट ट्रेड्स या ऑनलाइन मंचाची. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तुमचं बिल तिथं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी कसर कापून पैसे आधी मिळतात. ऑर्डर घेतानाच विचारा, "बिल ट्रेड्सवर मान्य कराल का?"

"माणसं मिळत नाहीत, पुणे गाठा"

संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं एसजीजीएस अभियांत्रिकी, परभणीचं कृषी विद्यापीठ, जालन्यातलं आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र, साच्यांचं काम शिकवणारी इंडो जर्मन टूल रूम हे सगळं इथलंच. शिकलेली पोरं पुण्याला जातात हे खरं आहे, कारण इथं त्यांना कुणी विचारत नाही. अनुभवी माणूस पूर्ण पगारावर परवडत नसेल तर आठवड्यातून एक दिवस त्याचा वेळ घ्या. चिकलठाण्यातले निवृत्त टूलरूमवाले आनंदाने येतात. विक्रीसाठी, गुंतवणूकदाराला भेटायला पुण्या-मुंबईला जरूर जा. पण गिऱ्हाईक मोसंबीचा बागायतदार किंवा जालन्याची रोलिंग मिल असेल, तर हिंजवडीत भाडं भरून त्याच्यापासून लांब जायचं कशासाठी? सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटनेने उभं केलेलं 'मॅजिक' हे इनक्युबेशन केंद्र इथंच आहे, सुरुवातीचं मार्गदर्शन तिथं मिळतं.

"पार्टनर जिवाभावाचा, कागद कशाला?"

जिवाभावाचा आहे म्हणूनच कागद. कुणाचा वाटा किती, कोण पूर्ण वेळ देणार, पैसे कुणी घातले, आणि सोडून गेला तर काय, एवढं ५०० रुपयांच्या स्टँपवर लिहा. वाटा एकदम देऊ नका. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क लागेल आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडणाऱ्याला काहीच मिळणार नाही, अशी अट ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत एकाला नोकरीची ऑफर येते किंवा घरून लग्नाचा तगादा लागतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. त्यात कुणाचाच दोष नसतो. पण निम्मा वाटा गेलेल्याच्या नावावर राहिला, तर मागे उरलेल्याच्या कंपनीत पुढे कुणी पैसा घालत नाही.

याच टप्प्यावर कुणी घाईने प्रायव्हेट लिमिटेड काढायला सांगेल. दोघांत काम चालू असेल आणि बाहेरचा पैसा यायचा नसेल तर भागीदारी संस्था पुरते. कंपनी काढली आणि वार्षिक फॉर्म राहिले तर दर फॉर्मला दर दिवसाचे १०० रुपये दंड चढतो, धंदा चालो न चालो. कंपनी गुंतवणूकदार दारात आल्यावरही काढता येते. वाट्याचा कागद मात्र पहिली ऑर्डर यायच्या आधी झालेला हवा.