इंटर्न ‘फक्त बघायला’ येतो, हा समज आधी सोडा

मे सरत आला, गोव्यात विजेच्या लाइनीवर आलेल्या माडांच्या झावळ्या आणि आंब्याच्या फांद्या छाटायचं काम गावोगाव सुरू झालं, की एक दावा पुन्हा हातोहात फिरू लागतो. सेफ्टीच्या नावाखाली नवी पोरं लाडावली आहेत. इंटर्न चार-सहा आठवडे बघायलाच येतो, त्याला कसला आलाय धोका? स्विच ओढला की लाइन मेली, परमिट, म्हणजे लाइन बंद करून कामाला दिलेली लेखी परवानगी, हे नुसते कागदी घोडे. हेल्मेट आणि बेल्ट दिला की झाली सेफ्टी. जुने लाइनमन भर पावसात असेच शिकले. इंटर्ननं प्रश्न विचारून काम अडवू नये, आणि काही झालंच तर कॉलेजनं ‘जबाबदारी आमची’ असं लिहून दिलेलं असतंच.

फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज, पणजी, डिचोली, कुडचडे इथली पॉलिटेक्निक, गावोगावच्या आयटीआय इथली मुलंमुली सबस्टेशनात, ठेकेदारांच्या गँगमध्ये, कारखान्यांच्या स्विचयार्डात (उघड्या तारा आणि स्विच असलेल्या आवारात) शिकायला जातात. वरच्या दाव्यातलं एकेक वाक्य त्यांच्या जिवावर उठणारं आहे. म्हणून ते एकेक करून तपासू.

आधी ‘फक्त बघायला’. काम करणारा कोण आणि बघणारा कोण, हे विजेला कळत नाही. यार्डात उघड्या जिवंत भागापासून माणसानं राखायचं अंतर ११ केव्हीला (११ हजार व्होल्टला) २.६ मीटर आणि ३३ केव्हीला २.८ मीटर धरतात. इंटर्न स्वतः हे अंतर मोडत नाही, त्याच्या हातातली वस्तू मोडते: स्टीलची मोजटेप, खांद्यावर उभी धरलेली शिडी, फोटोसाठी वर केलेली काठी. म्हणून यार्डात टेप कापडी किंवा फायबरची लागते, आणि शिडी दोघांनी आडवी धरून न्यायची असते.

पॅनलसमोरही तेच. ११ केव्हीचा ब्रेकर (पुरवठा तोडणारा मोठा स्विच) आत-बाहेर सरकवताना काही चुकलं तर ज्वाळा दार फोडून पुढे येते. हँडल फिरवणारा निदान बाजूला उभा राहायला शिकलेला असतो. इंटर्न नीट दिसावं म्हणून बरोबर समोर उभा असतो, आणि अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. साधा जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट इथे महागड्या टी-शर्टपेक्षा कितीतरी बरा.

कंट्रोल रूममध्ये ‘नुसतं रीडिंग’ घेणाऱ्याचं काय? अँमीटरची वायर सैल दिसली म्हणून त्यानं ती सोडवली, तर सीटीचं, म्हणजे मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं, सेकंडरी (मीटरकडचं वेटोळं) उघडं पडतं. प्राथमिक बाजूनं प्रवाह चालूच असतो, त्यामुळे उघड्या टोकांवर हजारो व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. आधी टर्मिनलवरच्या शॉर्टिंग लिंक (दोन्ही टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) बसवायच्या, मगच मीटरला हात लावायचा. हे पहिल्या दिवशी न सांगता पोराला पॅनलपुढे सोडणं म्हणजे त्याला धोक्यात ढकलणं आहे.

या समजातला सगळ्यांत घातक भाग वेगळाच आहे. इंटर्न ‘आपला माणूस’ नसल्यामुळे तो मोजणीत नसतो. परमिटवर गँगची संख्या लिहिली पाच, प्रत्यक्ष डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरच्या जोडखांबापाशी) माणसं सहा. काम संपल्यावर पाच जण गाडीत बसतात, मुकादम हजेरी मिळवतो, परमिट परत जातं आणि लाइन चार्ज होते, म्हणजे तिच्यात वीज सोडली जाते. सहावा अजून खांबाच्या पलीकडे नंबर टिपत असतो. त्यामुळे इंटर्नचं नाव परमिटवर हवं, आणि परत करताना ते मोठ्यानं पुकारलं गेलं पाहिजे.

आता स्विचचं. एबी स्विच (खांबावरचा, खालून हँडलनं चालवायचा स्विच) ओढला म्हणजे एका बाजूचा पुरवठा तुटला, इतकंच. लाइन मेली हे अजून सिद्ध व्हायचं असतं. गोव्यात ती परत जिवंत होण्याचे मार्ग भरपूर आहेत. हॉटेलं, शीतगृहं, बंगले यांचे डिझेल जनरेटर आहेत. चेंजओव्हर स्विच धड नसेल, किंवा कुणी घाईत जनरेटरची वायर थेट मेन बोर्डात खुपसली असेल, तर त्याची वीज एलटी लाइनीवरून, म्हणजे घरांना जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनीवरून, उलटी ट्रान्सफॉर्मरकडे येते. ११ केव्हीचा दाब ४३३ व्होल्टवर उतरवणारा तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनं ४००-४३३ व्होल्टचे परत ११ केव्हीच्या आसपास करतो. शेजारच्या घरांचा भार आला की छोटा जनरेटर बंद पडतो, हे खरं. पण वादळात फ्यूज उडून शेजारचा भार सुटलेला असेल, तर रिकामा ट्रान्सफॉर्मर उभा करायला त्याच्या क्षमतेचे दोन-तीन टक्केच लागतात. म्हणजे नेमका वादळानंतरच, दुरुस्तीला माणसं चढलेली असतानाच, हा धोका वाढतो.

शिवाय रिंगमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांनी जोडलेला फीडर (सबस्टेशनातून निघणारी लाइन) दुसऱ्या टोकाकडून चार्ज होऊ शकतो. त्याच खांबांवरून वर ३३ केव्ही जात असेल तर खालच्या बंद ११ केव्हीवर इंडक्शन येतं, म्हणजे न जोडताही दाब चढतो. जमिनीखालची केबल बंद केल्यावरही काही काळ भारित राहते, तिला डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात लावायचा नसतो. आणि शरीराला किती पुरतं? घरातला आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला सुटतो, कारण त्याच्या पुढे हृदयाचा ताल बिघडायची भीती असते. घामेजलेल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर साधे २३० व्होल्ट २३० मिलिअँपिअर घालवतात.

म्हणून क्रम असा: ब्रेकर बंद, आयसोलेटर किंवा एबी स्विच उघडा, आणि त्याची पाती तिन्ही फेजवर (तिन्ही तारांवर) खरंच उघडली का हे डोळ्यांनी बघायचं. खाऱ्या हवेत गंजलेल्या एबी स्विचचं हँडल पूर्ण खाली येतं, पण एखाद्या फेजचं पातं अडकून राहतं. मग कुलूप आणि पाटी. मग टेस्टर. तो आधी चालू लाइनीवर वाजवून बघायचा, मग कामाच्या लाइनीवर लावायचा, मग पुन्हा चालू लाइनीवर. मधल्या वेळात टेस्टरचीच बॅटरी गेली असेल तर गप्प टेस्टर ‘लाइन मेली’ असं खोटं सांगतो. आणि शेवटी अर्थिंग, म्हणजे तारा जमिनीला जोडणं, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, तिन्ही फेजना. आधी जमिनीकडचा क्लँप घट्ट, मग इन्सुलेटेड रॉडनं तारेला. काढताना उलट: आधी तार, जमीन शेवटी.

गोव्यात जमिनीकडच्या क्लँपवर थोडं जास्त थांबावं लागतं. जांभ्यात लोखंडी सळई अर्धा-पाऊण फूट ठोकून ‘अर्थ झालं’ म्हणता येत नाही. जांभ्याचा रोध जास्त, मे महिन्यात तर फारच. तिन्ही फेज आधी एकमेकांना जोडलेले हवेत, आणि खांबाची स्वतःची अर्थिंग धड असेल तर तीच वापरायची. ती धड आहे का, हे कळायची जागा एकच. खांबाच्या कडेनं खाली उतरणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार जमिनीत शिरते तिथे बोटभर माती उकरून बघा. किनाऱ्याकडच्या गावांत ती वरून चकचकीत आणि मातीच्या रेषेवर पार झिजलेली असू शकते. इंटर्नला हे एकदा दाखवलं तर तो ते जन्मभर विसरणार नाही.

परमिटचा कागद याचसाठी असतो. कुठला फीडर, कुठल्या खांबापासून कुठल्या डीपीपर्यंत, कुठले स्विच उघडे, कुलूप कुणाचं, अर्थ किती आणि कुठे, माणसं किती. फोनवर ‘लाइन घेतली’ म्हणण्यात दोन घोटाळे होतात. एकाच नावाचे फीडर एक आणि दोन यांत गोंधळ होतो. किंवा एकाच लाइनीवर दोन गँग असतात, पहिली ‘झालं’ म्हणून फोन करते आणि दुसरीच्या हातात तार जिवंत होते. प्रत्येक गँगचं स्वतंत्र परमिट आणि स्विचवर स्वतःचं कुलूप असेल तरच हे टळतं.

हेल्मेट-बेल्टचा मुद्दा अर्धवट आहे. हातमोज्यांवर क्लास छापलेला असतो: क्लास शून्य १००० व्होल्टपर्यंत, क्लास एक ७५०० पर्यंत, क्लास दोन १७००० पर्यंत. ११ केव्हीला क्लास एकचा मोजा चालत नाही. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडायची, कानाशी धरून फुसफुस ऐकायची आणि वरून चामड्याचा मोजा चढवायचा. एक बारीक भोक पुरे होतं.

हार्नेसचं गणित तर कुणी मांडूनच दाखवत नाही. ९ मीटरचा सिमेंटचा खांब सुमारे दीड मीटर जमिनीत असतो, वर उरतो साडेसात. सहा मीटरवर काम करणाऱ्यानं पायाशी अडकवलेली १.८ मीटरची दोरी आणि झटका शोषणारा पॅक वापरला, तर दोरीची लांबी, पॅक उलगडून वाढणारा पावणेदोन मीटरपर्यंतचा भाग, वर माणसाची उंची आणि थोडी राखीव जागा, सगळं मिळून खाली सहा मीटर मोकळे लागतात. म्हणजे सहा मीटरवर ती जागा जेमतेम पुरते, आणि आणखी खाली असलात तर झटका पूर्ण शोषला जाण्याआधीच पाय जमिनीला लागू शकतात. अशा खांबावर मुळात पडूच नये म्हणून खांबाभोवती गुंडाळणारा पोझिशनिंग पट्टा लागतो, आणि वर चढताना तो एकदाही सुटता कामा नये.

‘जुने असेच शिकले’ या वाक्यात जे वाचले तेवढेच मोजलेले असतात. जुन्या लाइनमनांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या काळी घरोघरी इन्व्हर्टर, छपरावर सोलर आणि दर वाडीला जनरेटर नव्हता. तार तुटून जांभ्यावर पडली तर जमिनीचा रोध इतका असू शकतो की अर्थ-फॉल्ट रिले (जमिनीत जाणारा प्रवाह ओळखून लाइन बंद करणारं उपकरण) पुरेसा प्रवाह बघतच नाही आणि फीडर सुटत नाही. तार शांत पडलेली दिसते आणि जिवंत असते. आठ-दहा मीटर लांब राहायचं. आत अडकलात तर पाय न उचलता, जोडून, घासत बाहेर यायचं, कारण दोन पावलांमधल्या जमिनीतही दाबाचा फरक असतो. पावसाळी पेट्रोलिंगला निघालेल्या इंटर्नला गाडीत बसण्याआधी हे माहीत हवं.

मग प्रश्न विचारण्याचं. इंटर्ननं खांबाखाली उभं राहून ‘काका, अर्थ कुठं कुठं लावलाय?’, ‘टेस्टर लावला का?’, ‘परमिटवर माझं नाव आहे का?’ एवढं विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही. पाऊण तासाच्या कामात यानं एखाद-दुसरं मिनिट जातं. उत्तर तयार असेल तर काम पुढे चालतं. उत्तर नसेल तर काम थांबायलाच हवं होतं. कायद्याची बाजूही बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार अधिकार देऊन नेमलेल्या माणसाशिवाय कुणी चालू लाइनवर काम करायचं नाही, आणि अशा कामाला मदतही करायची नाही. खालून पाना वर देणं हीसुद्धा मदतच. त्यामुळे ‘जरा पकड’ म्हटल्यावर इंटर्ननं नाही म्हणणं हे आगाऊपण नाही, नियम पाळणं आहे. थोडक्यात वाचल्याचा प्रसंग त्यानं वहीत लिहिला आणि त्याबद्दल ओरडा खाल्ला, तर पुढचा प्रसंग कुणीच लिहीत नाही. सुपरवायझरला ही किंमत कळायला हवी.

लिहून दिलेल्या कागदाबद्दल थोडक्यात. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली करार झालेला असेल, तर कामाच्या ओघात झालेल्या इजेची भरपाई कलम १६ प्रमाणे मालकावर येते. कॉलेजच्या अभ्यासक्रमातली इंटर्नशिप या करारात बसतेच असं नाही, म्हणून विमा कुणी काढलाय आणि तो विजेच्या कामाला लागू आहे का, हे रुजू होण्याआधी पत्रावर घ्या. अपघाताची सूचना मात्र वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ खाली द्यावीच लागते, जखमी माणूस पगारी असो, इंटर्न असो की वाटसरू. पालकांच्या सहीनं ती टळत नाही.

त्या दाव्यातली एक तक्रार मात्र खरी आहे: फाइली चाळून कुणी शिकत नाही. हाताला काम हवंच, पण मेलेल्या आणि अर्थ केलेल्या भागावर. आयटीआयच्या आवारातल्या सरावाच्या खांबावर अर्थिंग सेट लावणं-काढणं, मोज्यांची हवा तपासणं. आणि मे महिन्यात, जमीन सगळ्यांत कोरडी असताना, अर्थ पिटचा (जमिनीत पुरलेल्या अर्थचा) रोध मोजणं, कारण जुलैचा आकडा फसवा चांगला येतो. मोजताना अर्थ पिटपासून प्रवाहाची सळई ३० मीटरवर, दाबाची साडेअठरा मीटरवर. दाबाची सळई दोन मीटर पुढेमागे सरकवून आणखी दोन रीडिंग घ्यायची. तिन्ही जवळपास जुळली तरच आकडा खरा, नाहीतर प्रवाहाची सळई आणखी लांब न्यायची. मोजणीसाठी ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थ सुटा करायचा असेल तर शटडाउन आणि परमिट घेऊनच, चालू ट्रान्सफॉर्मरवर कधीही नाही. आणि त्या परमिटवर मोजणाऱ्या इंटर्नचं नाव.