आधी थ्रिलर, प्रेक्षक मग बघू

थ्रिलर सिनेमाचं दोन मिनिटांचं ओपनिंग शूट करा आणि मग ‘तुमचा प्रेक्षक कोण?’ यावर चार पानं लिहा, असा प्रोजेक्ट तुमच्या गळ्यात पडला असेल तर घाबरून जाऊ नका. फक्त क्रम चुकवू नका. आधी शूटिंग, मग एडिटिंग, मग फाइल एक्स्पोर्ट. आणि पानं द्यायच्या आदल्या रात्री प्रेक्षकाच्या शोधात निघायचं. उलट केलंत तर तुमचं काही खरं नाही. प्रेक्षक आधी ठरवला की तो प्रत्येक शॉटपाशी आडवा येतो. ही मुलगी कोण? का पळतेय? हिला काही झालं तर मी का कळवळावं? असल्या चौकशा करणारा माणूस लोकेशनवर हवाय कशाला? तिथे आधीच उजेड चाललेला असतो.

गोष्टीवर फार वेळ घालवू नका, ती ठरलेली आहे. झाडीतून एक मुलगी पळते, मागे वळून बघते, परत पळते, पडते. मागून हूडीवाला येतो. हूडी अत्यावश्यक. एक तर ती कुणालाही चढवता येते, त्यामुळे दुपारी खुनी झालेला मित्र क्लासला निघून गेला तरी शूटिंग थांबत नाही. दुसरं म्हणजे अभिनय दिसत नाही. पानांत मात्र ‘खलनायकाची अनामिकता जाणीवपूर्वक जपली आहे’ असंच लिहायचं. मग बुटांचा क्लोजअप, डोळ्यांचा क्लोजअप, सुरीचा क्लोजअप. पडदा काळा. सिनेमाचं नाव. ते इंग्रजीत आणि एकाच शब्दाचं.

आता एखादा चिकित्सक विचारेल की यातून बघणाऱ्याला कळलं काय. काहीच नाही, आणि तेच तर रहस्य! प्रेक्षकाला काही म्हणजे काहीच कळू न देणं यालाच थ्रिलर म्हणतात, असं ठाम धरून चाला. या बाबतीत थ्रिलरचे नामांकित दिग्दर्शक हिचकॉक वगैरे मंडळींच्या नादी लागू नका. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकनी एक टेबलाचं उदाहरण दिलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला ठाऊकच नसेल तर तो फुटल्यावर मिळतो पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकानं पाहिलं असेल, समोर घड्याळ असेल आणि टेबलावरची माणसं भलत्याच गप्पा मारत असतील, तर तीच जागा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावते. म्हणजे भीती दडवल्यानं नाही, सांगितल्यानं वाढते, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. ठीक आहे. पण त्यांच्याकडे पंधरा मिनिटं होती, तुमच्याकडे दोन आहेत, असं म्हणून विषय संपवा.

विषय संपवताना दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं नाव निघणार नाही एवढं बघा. १९५८ च्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये पहिल्याच क्षणी कुणीतरी टाइमर फिरवतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवतो आणि पुढची तीनेक मिनिटं कॅमेरा एकही कट न घेता गर्दीच्या रस्त्यातून फिरत राहतो. गाडी थांबते, निघते, माणसं तिच्या शेजारून चालतात, हसतात. कुणी पळत नाही. हूडी नाही. बघणारा तेवढा खुर्चीत चुळबुळत असतो, कारण डिकीत काय आहे ते त्या गर्दीत त्याला एकट्यालाच माहीत असतं. हे ओपनिंग तुमच्यापेक्षा जेमतेम मिनिटभरानं लांब आहे. वर्गात चुकून दाखवलं गेलंच, तर लगेच ‘पण त्यांच्याकडे क्रेन होती’ असं म्हणा. ते खरंच आहे, आणि खरी गोष्ट अडचणीच्या वेळी फार उपयोगी पडते.

क्रेनची सबब दिग्दर्शक फ्रित्झ लांगपुढे मात्र चालत नाही. त्याच्या १९३१ च्या ‘एम’मध्ये लहान मुलीचा खून होतो तो दिसतच नाही. आई जेवणाचं ताट मांडून हाका मारतेय, रिकामा जिना, मग घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. संपलं. एवढं तर तुम्हालाही एका दुपारीत जमलं असतं. म्हणूनच ते टाळायचं. चेंडू आणि फुगा वापरायचा म्हणजे तो चेंडू कुणाचा हे आधी दाखवावं लागतं, म्हणजे त्या मुलीला दहा सेकंद तरी माणूस म्हणून वागवावं लागतं, आणि तुमच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा कुठाय? त्यापेक्षा लाल रंगाची बाटली बरी.

जागा नाही म्हणजे काय, ती कंपनीच्या लोगोनं घेतलीय. निर्मितीसंस्था काल्पनिक असली तरी लोगो खरा लागतो, त्यात धूर लागतो, धुरातून अक्षरं उगवायला लागतात आणि त्याला पंधरा सेकंद द्यावे लागतात. संबंध टीमनं सर्वांत जास्त रात्री जागवल्या त्या या धुरासाठी, ही गोष्ट पानांत लिहायची नाही. त्यानंतर टायटल्स. चार पोरं आणि अकरा खाती, म्हणजे प्रत्येकाचं नाव दोन-तीनदा येतं. ते आलटून पालटून टाका, म्हणजे युनिट मोठं वाटतं. अक्षरं खरवडलेली, थरथरणारी घ्या. १९९५ च्या ‘सेव्हन’ सिनेमासाठी टायटल डिझायनर काइल कूपरनं तशी केली होती आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांची अक्षरं थरथरतायत. त्या टायटल्समध्ये अक्षरांमागे कुणीतरी शांतपणे वह्या शिवत होता, ब्लेडनं बोटांची कातडी तासत होता, म्हणजे पोलीस शोध सुरू करण्याआधीच प्रेक्षकाला कळलेलं असतं की यांची गाठ फार चिकाटीच्या माणसाशी आहे. तो भाग तुम्हाला नको. थरथर पुरे.

आवाजाचं काय, असं विचारूच नका. कॅमेऱ्याच्या माइकवर वारा घोंघावतो, त्याला वातावरणनिर्मिती म्हणा. त्यावर फुकटात मिळणारा एक खर्जातला घुमारा टाका आणि सुरी दिसली की ‘ढम’. एकदा ‘ढम’ जमलं की दर वीस सेकंदांनी वापरायला हरकत नाही. तिसऱ्या वेळी कुणी दचकत नाही हे खरं, पण तोवर दोन मिनिटं संपत येतात. पावलांचे, श्वासांचे, कुलपात फिरणाऱ्या किल्लीचे आवाज वेगळे रेकॉर्ड करणारी काही मुलं असतात. त्यांची फिल्म डोळे मिटून ऐकली तरी अंगावर काटा येतो. अशांशी फार मैत्री ठेवू नये.

फिल्म झाली. आता प्रेक्षक. इथे मात्र सगळं तयार मिळतं. ‘माझा टार्गेट ऑडियन्स १५ ते २५ वयोगटातील स्त्री-पुरुष’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवा. आजवर ते कुणी खोडलेलं नाही, कारण तपासणाऱ्यालाही झोप असते. पंधराच का, तर तुमच्या वर्गातल्यांची वयं तिथून सुरू होतात. पंचवीस का, तर आकडा गोल वाटतो. पुढे ‘दुय्यम प्रेक्षक’ म्हणून ‘थ्रिलरची आवड असलेले सर्व प्रौढ’ जोडा, म्हणजे आईवडीलही मावतात आणि पृथ्वीवर फारसं कुणी बाहेर उरत नाही. मग एक काल्पनिक प्रेक्षक बनवा. इंटरनेटवरून हसऱ्या तरुणाचा फोटो घ्या, त्याला नाव द्या, छंद द्या: जिम, गेमिंग, मित्रांसोबत सिनेमे. त्याला कशाची भीती वाटते हे लिहायचा मोह होईल. आवरा. ते लिहिलंत तर पुढचा प्रश्न येतो, की ती भीती तुमच्या फिल्ममध्ये कुठे आहे.

सर्व्हेही करायचा, अर्थात एक्स्पोर्टनंतर. गूगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर टाका. ‘तुम्हाला थ्रिलर आवडतात का?’ पर्याय: हो, खूप, कधीकधी. ‘ओपनिंगमध्ये रहस्य असावं का?’ रहस्य नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय, त्यामुळे निष्कर्ष तुमच्याच बाजूनं येणार.

थोडा सिद्धांत शिंपडला की पानांना वजन येतं. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा १९७३ चा निबंध याबाबत फार सोयीचा आहे. प्रेक्षक संदेश तीन तऱ्हांनी वाचतो: बनवणाऱ्याला हवा तसा, थोडी घासाघीस करून, किंवा विरोधात जाऊन. म्हणजे ज्याला तुमची फिल्म भिडली तो पहिल्या खान्यात, ‘बरी आहे’ म्हणाला तो दुसऱ्यात, आणि ‘अरे, पण ती का पळतेय?’ असं विचारणारा सरळ तिसऱ्यात. त्यानं विरोधी वाचन केलं! हॉल यांच्या मते विरोधात जाणाऱ्याला मूळ संदेश नीट समजलेला असतो आणि तो समजूनउमजून नाकारत असतो, हा बारकावा एखाद्या खवट परीक्षकाला आठवेल. तेवढी जोखीम पत्करा. न कळलेल्या माणसासाठी हॉल यांनी वेगळा खाना ठेवला नाही यात तुमचा काय दोष?

राहिला तो दिवस, ज्या दिवशी फिल्म वर्गात लागते. हा सर्वांत धोक्याचा प्रसंग, कारण ज्यांच्याविषयी पानं लिहायची ती माणसं प्रत्यक्ष खोलीत येऊन बसतात. पहिल्या रांगेत बसा. मागचा एकही चेहरा दिसता कामा नये. पडद्याच्या कडेला उभं राहून वर्गाकडे बघत बसलात तर नको ते दिसेल: लोगोच्या धुरातच कुणीतरी मोबाइल काढला, मुलगी पडली तेव्हा मागचा बाक हसला, आणि तुम्ही कापून टाकणार होता त्या शॉटला, ज्यात ती नुसती कुलपाशी झटापट करत उभी आहे, सगळे एकदम गप्प झाले. असली माहिती एकदा मिळाली की रात्री परत एडिटला बसावं लागतं. हसू ऐकू आलंच तर ‘भीतीपोटी येणारं हसू’ अशी नोंद करा.

नंतर प्रतिक्रिया घेताना ‘आवडली का?’ एवढंच विचारा. मित्र असतील तर हो म्हणतील, नसतील तर लवकर निघून जातील. ‘आत्ता काय बघितलंस ते सांग बरं’ असं चुकूनही विचारू नका. तो सांगायला लागेल. ‘एक मुलगी जॉगिंग करत असते...’

शेवटचा प्रश्न असतो, पुन्हा केलीत तर काय बदलाल. कॅमेरा, लाइट, हवामान, वेळ, या क्रमानं लिहा. एकानं ‘पहिल्या शॉटमध्ये ती कुणाला तरी फोनवर येतेच म्हणून सांगेल’ असं लिहिलं होतं. त्याला हा प्रश्नच समजला नाही. आणि एवढं करूनही चौथं पान भरत नसेल तर सर्व्हेचा पाय चार्ट मोठा करा.