गट बदलला तरी शेजारी तोच

‘फिनलंडसारखा देश नाटोत गेला, मग आपण किती दिवस कुंपणावर बसणार? अमेरिकेशी लष्करी करार करा, चीन-पाकिस्तान आपोआप गप्प बसतील,’ असं मामेभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलं. मी हेलसिंकीत राहतो, म्हणून दाखला खास माझ्यासाठी. दोन दिवस डोक्यातून जात नाही.

फिनलंड हौसेने गेलेला नाही. १९७५ मध्ये, शीतयुद्धाच्या काळात, दोन्ही गटांतल्या आणि तटस्थ अशा ३५ देशांना हेलसिंकीच्या फिनलंडिया हॉलमध्ये एकत्र बसवणारा हा देश. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा कुठे एप्रिल २०२३ मध्ये तो नाटोत गेला. सक्तीची सैन्यसेवा आणि तळघरातले निवारे त्याच्याकडे आधीपासून होते. रशियाशी सीमा १३४० किलोमीटरची. सेंट पीटर्सबर्गची आलेग्रो रेल्वे २०२२ मध्ये बंद झाली, पुढच्या वर्षअखेरीस वालिमाचं सीमानाकंही. पलीकडे आई असलेली माझी सहकारी आता एस्टोनियातल्या नार्वामार्गे वळसा घालते. यात मॉस्कोचा दोष मोठा आहे, पण बोलणारंच कोणी उरलं नाही हेही खरं.

आणि घरचा इतिहास? ऑगस्ट १९५३ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान मोहम्मद अली बोग्रा यांनी दिल्लीत ठरवलं होतं की काश्मीरसाठी सार्वमत घेणारा प्रशासक एप्रिल १९५४ अखेर नेमायचा. तेवढ्यात पाकिस्तानला अमेरिकेची लष्करी मदत मिळणार हे स्पष्ट झालं. सगळा संदर्भच बदलला, असं नेहरू म्हणाले, आणि बोलणं तिथेच अडलं. पाकिस्तान पुढे सीटो आणि बगदाद करार या पाश्चात्त्य लष्करी गटांत गेला. १९६५ मध्ये लढाई पेटली तेव्हा अमेरिकेने दोघांचीही शस्त्रं थांबवली. मग गटात जाऊन त्याने मिळवलं काय? हो, १९७१ मध्ये आपणही मॉस्कोशी करार केला. पण वॉर्सा करारात, म्हणजे सोव्हिएत लष्करी गटात, गेलो नाही, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

इथे जेवणाच्या सुट्टीत कोणी रशियन तेलाचा विषय काढला की मी दिल्लीची बाजू घेऊन भांडतो. ग्रुपवर हेलसिंकीची. भावाने उत्तर दिलं, ‘तू नाटोच्या छत्रीखाली बसून आम्हाला शिकवतोस.’ ते लागलं, कारण छत्री खरीच आहे. माझा मुलगा इथलाच नागरिक, पुढच्या वर्षी इथल्या सैन्यात भरती होईल. भाचा तिकडे भारतीय सैन्यात आहे. मला वालिमाचं फाटक उघडलेलं हवंय आणि अटारीचंही, आणि त्यासाठी मी ग्रुपवर भांडत राहणार.