खुलासा : हातातला रेडिओ ४० किलोमीटर बोलत नाही

यावल-रावेरकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘सिटिझन बँडचा वॉकीटॉकी घ्या, लायसन्स नको, ४० किलोमीटर रेंज, नऊ नंबरच्या चॅनलवर पोलीस ऐकतात.’

सिटिझन बँड म्हणजे सर्वसामान्यांच्या वापरासाठीचा रेडिओ-लहरींचा पट्टा. लायसन्स नको हे खरं, पण अटी आहेत : फ्रिक्वेन्सी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, कमाल ५ वॅट, अँटेना सेटमध्येच बसवलेली. बाकी चूक. या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर आणि हातातली अँटेना वीतभर; लहरीच्या मानाने इतकी आखूड अँटेना आवाज लांब फेकू शकत नाही. मोकळ्या रानात दोन-चार किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. सातपुड्याची एक धार आडवी आली की नुसती खरखर.

नऊ नंबर आणीबाणीसाठी आहे तो अमेरिकेत. आपले पोलीस त्यांच्या वेगळ्या वायरलेसवर असतात. तोरणमाळच्या घाटात कृपा करून या मेसेजच्या भरवशावर राहू नका; मोबाईलला रेंज मिळेल तिथून ११२ लावा.