सर्वांत स्वस्त गाडीतही स्टॅबिलिटी कंट्रोल हवाच

१९९५ साली मर्सिडीज-बेंझ आणि बॉश यांनी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, बाजारात आणली ती एस-क्लाससारख्या महागड्या गाडीत. दोनच वर्षांनी स्वीडनमधील एका नियतकालिकाने, रस्त्यात आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवावे तशी, छोटी ए-क्लास वेगात एकदम डावी-उजवी वळवून पाहिली आणि ती उलटली. त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. आपल्या सर्वांत लहान गाडीला ती देण्याचा तो निर्णय मला मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे हे सेन्सर सतत मोजत असतात. चालकाने वळवलेली दिशा आणि गाडी प्रत्यक्ष जात असलेली दिशा यांत तफावत पडली की संगणक नेमक्या चाकाला ब्रेक लावतो: मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, आणि गाडी न वळता सरळच निघाली असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. कितीही कसलेल्या चालकाला हे जमणार नाही, कारण त्याच्या पायाखालचे पेडल चारही चाकांना एकत्र ब्रेक लावते. एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका या यंत्रणेमुळे जवळपास निम्म्याने कमी होतो, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. युरोपीय संघात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे.

भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतले निम्म्याहून अधिक दुचाकीस्वार आणि पादचारी होते, मग मोटारींतल्या यंत्रणेने काय साधणार, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु पावसाळ्यात घाटाच्या वळणावर घसरलेली मोटार समोरून येणाऱ्या दुचाकीवरच जाऊन आदळते, हे विसरता येत नाही.

मोटारींची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या भारत एनसीएपी या चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ही यंत्रणा लागते, पण ती चाचणीच ऐच्छिक आहे. जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस मात्र २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीचे आहे, म्हणजे चाकांचे सेन्सर आणि ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा संच गाडीत आधीपासूनच असतो; स्टॅबिलिटी कंट्रोलसाठी तोच थोडा वाढवून आणखी काही सेन्सर जोडावे लागतात. एवढ्यासाठी ग्राहकाला टॉप मॉडेल घ्यायला लावणे मला मुळीच मान्य नाही.